ऑड्री विंटल यांच्याविरुद्ध तक्रार

ऑड्री विंटलनी दार अकराव्यांदा आपटलं आणि अकराव्यांदा मान हलवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे दार नाही. हा पुठ्ठा आहे."

खाडीकाठच्या त्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये सकाळचे साडेदहा वाजले होते. स्टेजवर एक इंग्लिश दिवाणखाना उभा राहिला होता. त्याला पाच दारं होती, आणि उद्यापासून दहा दिवस त्या पाच दारांतून सहा नट धावत आत-बाहेर करणार होते आणि खाली गोल टेबलांवर जेवून तृप्त झालेले पाहुणे हसणार होते. दर हिवाळ्यात लंडनहून अशी एखादी नाटकमंडळी दुबईत यायची आणि इथून पुढे मस्कतला जायची. पण दारासाठी कुणी असा जीव खाल्लेला हॉटेलात कुणाला आठवत नव्हता.

"ऑड्री, दार लागतंय," मंडळींचा मॅनेजर डेरेक खालून ओरडला. "लोकांना दिसतंय की ते लागतंय. आणखी काय हवं?"

ऑड्रीबाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी बाराव्यांदा दार आपटलं. भिंत थोडी हलली, वरची खोटी घड्याळपेटी तिरकी झाली, आणि आवाज झाला तो एखाद्याने वही मिटल्यासारखा.

"प्रमिला, डियर," डेरेक म्हणाला, "ह्यांना त्या सुताराकडेच घेऊन जा. आज दुपारी. यल्ला. नाहीतर आपण सगळे वेडे होऊ."

डेरेकला दुबईत येऊन पाच दिवस झाले होते आणि दर दुसऱ्या वाक्यात तो अरबांसारखं यल्ला, म्हणजे 'चला', म्हणत होता. प्रमिला दाबकेनं पॅडवर 'रास अल खोर, दोन वाजता, गाडी' असं लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

तिचं डोकं उठलं होतं. पाच दिवस ही बाई तिच्या वाट्याला आली होती. हॉटेलच्या गेस्ट रिलेशन्समध्ये चौघं होती, पण 'लेडीला लेडी बरी' असं म्हणून नव्या जनरल मॅनेजरनं, मिस्टर ब्रॅडवेलनं, ऑड्रीबाईंची व्यवस्था प्रमिलाकडे दिली होती. पहिल्या सकाळी प्रमिला लॉबीत हसून "गुड मॉर्निंग, मिस विंटल" म्हणाली. बाई तिच्या अंगावरून पुढे निघून गेल्या. दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या डाव्या बाजूला येत जाऊ नका. मला आवडत नाही." का आवडत नाही, ते विचारायची सोय नव्हती. रूममधला फोन त्या उचलत नसत. कुणीतरी वर जाऊन दार ठोठावायचं, तेही तीन-तीन वेळा. शेजारच्या खोलीतल्या जर्मन पाहुण्यानं दोनदा तक्रार केली होती की ह्यांच्या टीव्हीच्या आवाजानं त्याला काम करता येत नाही.

रविवारी रेडिओवाल्यांनी त्यांची टेलिफोनवर मुलाखत ठेवली होती. दोन दिवस जाहिरात चालली होती. ऐन वेळी प्रमिलानं रिसीव्हर पुढे केला तर बाई म्हणाल्या, "मी टेलिफोनवर बोलत नाही," आणि लिफ्टकडे चालू लागल्या. ती बोलणी मिस्टर ब्रॅडवेलकडून प्रमिलाला खावी लागली.

आणि सोमवारी तर हद्द झाली. जुमेऱ्यात राहणाऱ्या आठ इंग्लिश बायका सही घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी ऑड्री विंटल टीव्हीवर होत्या. एका खेड्यातल्या पोस्टाच्या खिडकीमागे बसणारी, सगळ्या गावाची पत्रं आणि सगळ्या गावाची गुपितं जपणारी मिस टिबेट. अकरा वर्षं ती मालिका चालली होती. बायकांना प्रमिला मोठ्या ऐटीत कॉफी शॉपमध्ये घेऊन गेली. ऑड्रीबाई पाठमोऱ्या बसून टोस्टला लोणी लावत होत्या.

"मिस विंटल," प्रमिला म्हणाली.

सुरी टोस्टवरून शांतपणे फिरत राहिली.

"मिस विंटल, ह्या सगळ्याजणी तुमच्यासाठी आल्यात."

बाईंनी टोस्टचा घास घेतला. प्रमिलानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता आणि आजूबाजूची टेबलं वळून तिच्याकडे बघत होती. आठांपैकी एक बाई हळूच म्हणाली, "टीव्हीवर किती गोड होत्या, नाही?" आणि सगळ्या परत फिरल्या.

त्या संध्याकाळी करामातल्या आपल्या घरी प्रमिला कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिनं मिस्टर ब्रॅडवेलना पत्र लिहिलं. दोन पानी. नवरा दत्तप्रसाद तेवढ्यात हमरियाच्या केबल फॅक्टरीतून आला होता. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, "अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सोडून दे ना."

"तू नको सांगूस. तुझ्या केबल्स तुला गुड मॉर्निंगला उत्तर देत नाहीत म्हणून कुणी हसत नाही."

प्रमिला पुण्याला इंग्रजी घेऊन एम. ए. झाली होती, आणि लग्नाआधी दोन वर्षं तिनं कॉलेजात शिकवलंही होतं. दुबईत आल्यापासून त्या इंग्रजीचा उपयोग 'योर रूम इज रेडी, सर' यापुढे फारसा झाला नव्हता. मिस्टर ब्रॅडवेल बँकॉकहून येऊन दोनच महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत त्यांच्याशी तिचं बोलणं 'येस सर' आणि 'राइट अवे, सर' एवढंच झालं होतं. पण ते पत्र लिहिताना तिची बोटं थांबली नाहीत. एकेक वाक्य घोटून घोटून उतरलं. अर्धविराम जिथल्या तिथे. एकही शब्द जास्तीचा नाही, आणि लागायचे ते सगळे बरोबर वर्मी लागणारे. चौदा वर्षांची वैभवी मागून वाचत होती.

"आई, व्हॉट्स सुपरसिलियस?"

"डिक्शनरीत बघ."

"इज इट बॅड?"

"फार," प्रमिला म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी, दाराचा तमाशा सुरू व्हायच्या आधीच, तिनं ते पत्र जनरल मॅनेजरच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं.

*

दुपारी गाडीत ऑड्रीबाई डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या, म्हणजे प्रमिला आपोआप उजवीकडे आली. रास अल खोरपर्यंत दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. मोठमोठ्या गोदामांमधून गाडी आत शिरली तशी रस्त्यावर धूळ आणि लाकडाचा भुसा एकच झाला. बाईंनी हॅट सारखी केली.

वर्कशॉपमध्ये करवतीचा आवाज असा होता की प्रमिलानं दोन्ही कानांवर हात ठेवले. ऑड्रीबाई मात्र आरामात चालत आत गेल्या, जशी एखादी बागेत जाते.

दारं बनवणारा भिवा लांज्याकडचा होता. पन्नाशी उलटलेला, आडव्या हाडाचा, भुशानं भुवया पांढऱ्या झालेला. दुबईत त्याला बावीस वर्षं झाली होती. हॉटेलच्या बाईंशी मराठीत बोलायला मिळणार म्हणून तो आधी खूश झाला, आणि काम नापसंत झालंय हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मला ड्रॉइंगमध्ये प्लायच सांगितला होता. हलका पाहिजे, विमानातनं मस्कतला न्यायचाय म्हणाले."

"मला माहीत आहे हो, भिवाभाऊ. पण ह्यांचं समाधान होत नाही. ह्यांना आवाज पाहिजे."

"नाटकात दाराचा आवाज कशाला लागतोय?"

"ते त्यांनाच विचारा," प्रमिला वैतागून म्हणाली.

ऑड्रीबाई तोवर आतल्या बाजूला रचून ठेवलेल्या फळ्यांशी पोचल्या होत्या. जाड, जुन्या, कुठल्याशा जहाजाच्या मोडीतून आलेल्या. त्या एकेका फळीवर मुठीनं ठोकत होत्या आणि ठोकून झाल्यावर तळवा तिथेच टेकवून ठेवत होत्या. मागून दोन कामगार एक लांब पट्टी घेऊन येत होते. "मॅडम, साइड," भिवा ओरडला. "मॅडम! साइड!" बाई जागच्या हलल्या नाहीत. कामगारांनीच वळसा घातला.

प्रमिलाला भिवासमोर लाज वाटली. "त्यांची सवय आहे ती. मनावर घेऊ नका."

 भिवा थोडा वेळ बाईंकडे बघत उभा राहिला. मग त्यानं एक जड फळी उचलली, बाईंच्या मागे दहा-बारा पावलांवर नेली आणि लाकडी फलाटावर उभी धरून आडवी पडू दिली.

ऑड्रीबाई झटकन वळल्या. वर कुणाकडे न बघता त्यांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं.

"ताई," भिवा म्हणाला, "ह्यांना ऐकायला येत नाही."

"काहीतरीच काय! कालपर्यंत माझ्याशी भांडत होत्या."

"समोर असलात म्हणजे. तुम्ही बोलताना त्या कुठं बघतात ते बघा. डोळ्यांत नाही बघत, ओठांकडे बघतात." त्यानं स्वतःच्या डाव्या कानाला बोट लावलं. "हा माझा गेलाय. करवत खाते कान. आमच्यात निम्मे असेच आहेत. मालकाला सांगत नाही कुणी. सांगितलं की दुसऱ्या दिवशी मशिनीवरनं काढतात."

 करवत मध्येच थांबली, आणि त्या शांततेत प्रमिलाच्या डोक्यात पाच दिवस उलटेसुलटे होऊन पुन्हा नीट लागायला लागले. लॉबी, टेलिफोन, जर्मन पाहुणा, टोस्ट.

भिवाला कुणाची परवानगी लागली नाही. त्यानं फलाटावर खडूनं एक रेघ ओढली, रेघेच्या एका टोकाला जुनी चौकट उभी केली, तिला जड लाकडाचं एक दार तात्पुरतं लटकवलं आणि चौकटीच्या पायापासून खडूच्या रेघेवर एक लांब फळी जमिनीसरशी ठोकून टाकली. मग त्यानं ऑड्रीबाईंना हातानंच बोलावलं आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायची खूण केली. त्याचं इंग्रजी तीन शब्दांचं होतं, पण त्यानं तेही वापरलं नाही.

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग वाकून त्यांनी उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, आणि एकसष्ट वर्षांचं ते पांढरं पाऊल त्या भुशानं भरलेल्या फळीवर ठेवलं. दाराकडे पाठ केली.

भिवानं दार लोटलं. धप्प.

ऑड्रीबाईंनी हात वर केला, जसा वर्गात मूल हात वर करतं.

पुन्हा दार लागलं. पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा भिवानं मुद्दाम वेळ काढला, दार नुसतंच हलवून सोडून दिलं. हात खालीच राहिला. मग त्यानं खरोखर लावलं, आणि हात वर गेला. बाई वळल्या तेव्हा हसत होत्या. पाच दिवसांत प्रमिलानं त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

"ह्या माणसाला सांगा," त्या म्हणाल्या, "की माझ्या सगळ्या आयुष्यात मला भेटलेला हा सगळ्यात हुशार स्टेज मॅनेजर आहे."

प्रमिलानं सांगितलं. भिवा म्हणाला, "फळी गालिच्याखाली जाईल. कुणाला दिसणार नाही. विमानात वजन वाढेल, तेवढं तुम्ही बघा."

*

परतताना खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत ऑड्रीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या एकदम वळल्या आणि त्यांनी प्रमिलाच्या ओठांवर नजर ठेवली.

"तो सुतार तुम्हाला काय म्हणाला?"

"लाकडाबद्दल बोलत होता."

"तुम्ही फार वाईट नटी आहात," बाई म्हणाल्या.

प्रमिलानं मान खाली घातली, आणि लगेच लक्षात येऊन पुन्हा वर केली, त्यांना दिसावी म्हणून. तेवढ्यावरून बाईंना काय ते कळलं.

"किती वर्षं झाली?" प्रमिलानं विचारलं.

"डावा, नऊ. उजवा त्याच्यानंतर. चार वर्षांपूर्वी टीव्हीचं शेवटचं काम होतं. मी न्यायाधीश होते. दिग्दर्शक कट म्हणाला आणि मी बोलतच राहिले, दोन वाक्यं. सगळे हसले, म्हणाले, काय रंगून गेली ऑड्री! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही." त्यांनी हॅट मांडीवर काढून ठेवली. "त्यानंतर टीव्हीवरून कुणी बोलावलं नाही."

कार्यक्रमपत्रिकेसाठी बाईंची माहिती प्रमिलानंच टाइप केली होती. एकोणिसाव्या वर्षी गावोगावच्या रंगभूमीपासून सुरुवात. अठ्ठाविसाव्या वर्षी टीव्ही. मिस टिबेटची अकरा वर्षं. मग नोंदी विरळ होत गेल्या होत्या: पहिल्या दहा मिनिटांत खून होणारी बाई, सूपची जाहिरात, कुणाची तरी मावशी. चौऱ्याण्णवनंतर टीव्हीचं काहीच नव्हतं. पान रिकामं दिसू नये म्हणून तिनं फोटो मोठा केला होता.

"पण मशीन मिळतं ना कानात घालायला?"

"मिळतं. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ते घातलं की पलंगावर पडून मरणाऱ्या आजीचं काम मिळतं." बाईंचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा करकरीत झाला. "माझी वाक्यं मला पाठ आहेत. दुसऱ्यांची ओठांवर दिसतात. फक्त माझी पाठ वळलेली असते तेव्हा मला कळत नाही की मागून कोण आलं. लोक हसत असले तर मुळीच नाही. दार पायाला कळलं तर मी उभी आहे. डेरेक मला उद्धट म्हणतो. म्हणू दे. उद्धट नटीला काम मिळतं."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्याला सांगणार तुम्ही?"

"नाही," प्रमिला म्हणाली. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच तिला ट्रेमधलं पत्र आठवलं.

हॉटेलच्या दारात गाडी नीट थांबायच्या आत ती उतरली. मिस्टर ब्रॅडवेलच्या सेक्रेटरीच्या टेबलावर ट्रे होता. रिकामा.

"सरांनी वाचलं ते पत्र," सेक्रेटरी म्हणाली. "दोनदा वाचलं. तुम्हाला काही बदलायचं होतं का?"

*

नाटक चाललं. पहिल्या तीन प्रयोगांत टेबलांवरचे लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ऑड्री विंटल पाचही दारांच्या मधोमध, गालिच्यावर, दर वेळी बरोबर त्या क्षणाला गर्रकन वळल्या. स्थानिक इंग्रजी पेपरात त्यांच्या टायमिंगची तारीफ आली. बाकी त्या तशाच होत्या. गुरुवारी चहा गार म्हणून त्यांनी तो तीनदा परत पाठवला. प्रमिलानं तोही निमूटपणे बदलून आणला, मात्र पँट्रीत जाऊन दोन मिनिटं भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. एखाद्याला ऐकू येत नाही म्हणून तो छळत नाही असं काही नसतं, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

शनिवारी सकाळी तिला आत बोलावणं आलं. मिस्टर ब्रॅडवेलच्या समोर डेरेक बसला होता, आणि टेबलावर तिचं पत्र होतं. त्याच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या होत्या.

"बैस," ब्रॅडवेल म्हणाले. "हे फार उत्तम पत्र आहे. खरं सांगायचं तर हे वाचून मला वाटलं की आमच्याकडे अशी माणसं असून आम्ही ती लॉबीत उभी करतोय. गेस्ट रिलेशन्स मॅनेजरची जागा जानेवारीत भरायचीय, तुला कल्पना असेलच. त्याच्याबद्दल आपण वेगळं बोलू."

सहा वर्षं प्रमिला ह्या वाक्याची वाट बघत होती. ते असं, ह्या पत्रावर हात ठेवून येईल असं तिला वाटलं नव्हतं.

डेरेक पुढे सरकला. "त्याचं असं आहे, डियर, आमच्या मंडळींतही कुरबुर आहे. ती कुणाशी बोलत नाही, कुणाला उत्तर देत नाही. लंडनमध्ये एक दुसरी बाई तयार आहे, वयानंही कमी. मस्कतला तिला आणता येईल. पण ऑड्रीच्या करारात आहे की हॉटेलकडून लेखी तक्रार आली तरच मध्ये काढता येतं. आणि ही आली." त्यानं पत्रावर बोटानं टिचकी मारली. "तू ह्याच्यावर ठाम आहेस एवढं फक्त सांग. मग खलास."

"मध्येच काढलं तर पुढे त्यांना कोण घेईल?" प्रमिलानं विचारलं.

"ते आता माझ्या हातात नाही."

खिडकीबाहेर एक अब्रा होडी माणसं भरून खाडी ओलांडत होती. प्रमिलाला वाटलं, खरं सांगून टाकावं. दोन शब्दांचं काम होतं. मग ऑड्रीबाई उद्धट ठरल्या नसत्या. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहून 'अरेरे' म्हटलं असतं, आणि मस्कतला दुसरी बाई आलीच असती, फक्त फुलांचा गुच्छ देऊन. पत्र खोटं होतं म्हणावं, तर खोटी तक्रार करणारी म्हणून नोकरीच गेली असती.

"सर," ती म्हणाली, "माय इंग्लिश... नॉट सो गुड."

ब्रॅडवेलनी मान वर केली. "म्हणजे?"

प्रमिलानं हातातला पॅड छातीशी धरला. बोलताना तिनं वाक्यं मुद्दाम तोडली, क्रियापदं गिळली, 'द' आणि 'अ' वाऱ्यावर सोडले. कॉलेजात शेवटच्या बाकावरची मुलं अशी बोलायची. मॅडम काय बोलतात ते मला कळत नाही, ती म्हणाली. त्यांचा अ‍ॅक्सेंट. आणि मी बोलते ते त्यांना कळत नसणार, म्हणून त्या उत्तर देत नसणार. मला वाटलं मुद्दाम करतात. चूक माझी. रेडिओचंही मीच नीट सांगितलं नसेन.

"पण हे पत्र?"

"डॉटर, सर," प्रमिला म्हणाली. "डॉटर राइट. इंग्लिश मीडियम. स्कूल, ऊद मेथा. आय टेल इन मराठी, शी राइट. शी लाइक बिग बिग वर्ड्स."

 तिला वाटलं होतं, ते संशय घेतील, काहीतरी उलट विचारतील; दोन महिने ही बाई येस सर म्हणतेय ती तरी नीट म्हणतेय, एवढं तरी आठवतील. तिनं त्याची तयारीही केली होती. पण ब्रॅडवेलच्या चेहऱ्यावरची आठी एकदम उलगडली. किती सहज उलगडली, ते बघून प्रमिलाची कानशिलं तापली.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे असं आहे तर." आणि डेरेककडे वळून, ती तिथे नसल्यासारखे, "दॅट एक्सप्लेन्स इट."

डेरेकनं खांदे उडवले. "मग मला हे वापरता येणार नाही."

"नाहीच वापरता येणार." ब्रॅडवेलनी पत्राचे दोन तुकडे केले, चार केले, आणि टोपलीत टाकले. मग ते प्रमिलाकडे पाहून हसले आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "नो — प्रॉब्लेम. थँक यू — फॉर — टेलिंग — अस. यू — अंडरस्टँड?"

"येस सर," प्रमिला म्हणाली.

जानेवारीतल्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही.

घरी दत्तप्रसादला कळलं तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं. "तुला वेड लागलंय का? सहा वर्षं! आणि ती बाई तुला साधं थँक यू तरी म्हणणार आहे का?"

"तिला माहीतच नाही. आणि सांगायचंही नाही."

"मग कशासाठी?"

"मला नको विचारूस," प्रमिला कडाडली. "माझंच डोकं फिरलंय आधी."

वैभवी दारात उभी होती. "आई, यू टोल्ड देम आय रोट इट? बट आय डोन्ट ईव्हन यूज सेमिकोलन्स!"

पुढच्या आठवड्यात मंडळी मस्कतला निघाली. लॉबीत सामान रचलेलं होतं. ऑड्रीबाईंची हॅटची पेटी कुणीतरी सूटकेसखाली ठेवली होती, त्यावरून त्यांनी प्रमिलाला सगळ्यांसमोर झाडलं. प्रमिला त्यांच्या उजव्या बाजूला, समोर येऊन उभी राहिली.

"सॉरी, मिस विंटल. होपफुली मस्कतला असं होणार नाही."

"होपफुली हा शब्द असा वापरत नाहीत," बाई म्हणाल्या. "आय होप म्हणा. हल्ली सगळेच चुकतात." आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

त्याच दुपारी सेक्रेटरीनं प्रमिलाला एक पाकीट दिलं. मिस्टर ब्रॅडवेलनी खास लक्ष घालून तिचं नाव एका इंग्रजीच्या वर्गात घातलं होतं. सहा आठवडे, शनिवार-सोमवार, चार ते साडेपाच. खर्च हॉटेलचा. 'तुझ्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं,' असं त्यांनी सोप्या, छोट्या शब्दांत हातानं लिहिलं होतं.

वर्ग ऊद मेथाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. पंधरा-सोळा जण होते: ड्रायव्हर, टायपिस्ट, एका दवाखान्यात काम करणारी हाफिजा नावाची बाई. शिकवणारा इंग्लिश मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं सगळ्यांना एकेक पेन्सिल दिली आणि एकेक कागद. कुणाला कुठल्या गटात बसवायचं ते ठरवायला तीस प्रश्न. निकाल हॉटेलला कळवणार होते.

प्रमिलानं कागद पुढे ओढला. 'शी हॅज बीन वेटिंग —— टू अवर्स.' सिन्स की फॉर. पुण्याला पेपर तपासताना ह्या एका चुकीवर तिनं लाल शाईच्या किती बाटल्या संपवल्या असतील. तिनं फॉर लिहिलं. पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा. हात आपोआप चालत होता. वेगानं, ठसठशीत अक्षरात, जसा फार दिवसांनी मोकळ्या रस्त्याला लागलेला माणूस चालतो. दहा मिनिटांत तिनं शेवटची ओळ गाठली आणि पेन्सिल खाली ठेवली. वर्गात बाकी सगळे अजून चौथ्या-पाचव्या प्रश्नावर होते. मास्तर तिच्याकडे बघत होता.

प्रमिलानं कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला. तीसच्या तीस बरोबर होते.

तिनं एक लांब श्वास सोडला, आणि शेजारच्या हाफिजाकडे खोडरबर मागितलं.